आपण तं घरातच असतो

मे २०२३ मध्ये अकोल्याच्या जुन्या शहरात दंगल झाली, एक जण मारला गेला. त्या आठवड्यात बाळापुरात आमच्या बचत गटाच्या बैठकीला दोघी मुस्लीम सभासद आल्या नाहीत. हप्ता शेजारणीच्या हाती पाठवला होता. त्या का आल्या नाहीत, हे कोणी विचारलं नाही. मीही नाही. वहीत 'गैरहजर' लिहिलं. "आपल्याले काय करा लागते, ताई? आपण तं घरातच असतो," एक जण म्हणाली आणि मी चक्क हसले.

एम.एस.डब्ल्यू. करताना क्लॉडिया कून्झ यांचं नाझी काळातल्या जर्मन बायकांवरचं पुस्तक वाचलं होतं. ते त्या रात्री आठवलं. तिथे १९३३ पासून नव्या जोडप्यांना कर्ज मिळे. सुरुवातीला अट अशी की बायकोने नोकरी सोडायची. दर मुलामागे पाव कर्ज माफ. १९३८ पासून चार मुलं झाली की आईला कांस्यपदक, आठ झाली की सुवर्णपदक. ज्यू आईला मात्र काही नाही. आपला मान होतोय असंच पुष्कळ बायकांना वाटलं. शेजारची ज्यू माणसं नेली गेली, त्यांचं सामान लिलावात निघालं, ते विकतही घेतलं गेलं. युद्धानंतर 'आम्हाला काही ठाऊक नव्हतं' हे घरोघरी ऐकू आलं.

जर्मनी फार लांब, असं म्हणाल. मग मुंबई घ्या. डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३ च्या दंगलींत ९०० माणसं मेली, असं श्रीकृष्ण आयोगाने नोंदवलं. त्या वेळी हिंदुत्ववादी बाजूने बायकाही रस्त्यावर उतरल्या होत्या. फ्लेविया अॅग्नेस यांनी हे चळवळीपुढे स्पष्ट मांडलं. आम्हाला ते पचायला जड गेलं, कारण रस्त्यावर उतरायचं बळ हा आपलाच वारसा असं आम्ही धरून चाललो होतो. बाई म्हणजे फक्त बळी, हे म्हणणं सोयीचं आहे, पण ते खरं नाही.

आणि घरातल्या बाईला काहीच करता येत नाही, हेही खरं नाही. १९४३ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये बर्लिनच्या रोझेनस्ट्रासे रस्त्यावर ज्यू पुरुषांच्या बिगर-ज्यू बायका कित्येक दिवस उभ्या राहिल्या. नवरे सुटले. सुटकेच्या कारणांवर इतिहासकार भांडोत. पण त्या बायका बंदुकांसमोर उभ्या होत्या.

पुढची बैठक मी त्या दोघींच्या मोहल्ल्यात ठेवली. अकरापैकी सहाच आल्या. हसून बोलणारी ती आली होती, पण दाराशीच बसली.