ठाण्याचें 'हिंदुपंच'

चेंबूरहून ठाण्यास जावयाचें म्हणजे कुर्ल्यास गाडी बदलावी लागते. परवां त्या वाटेनें जातांना पुतण्यानें विचारलें, "काका, ठाण्यांत पूर्वीं वर्तमानपत्र निघत असे का?" मीं १८६६ सालीं निघालेल्या 'अरुणोदया'चें नांव सांगितलें. मग ओघानेंच 'हिंदुपंचा'ची गोष्ट निघाली, आणि ती सांगतांना माझीच जराशी पंचाईत झाली.

लंडनचें विनोदी साप्ताहिक 'पंच' १८४१ सालीं निघालें आणि आपल्याकडेहि त्याचीं भावंडें जन्मास आलीं. लखनौस १८७७ सालीं 'अवध पंच' निघालें. मुंबईच्या 'पारशी पंचा'नें पुढें 'हिंदी पंच' हें नांव घेतलें. ठाण्याच्या हिंदुपंचाशीं त्याची गल्लत होऊं नये. विलायती पंच हा बाहुल्यांच्या खेळांतला, सोटा चालविणारा कुबडा. आमचे पंच म्हणजे गांवचा न्याय करणारे! हंसविण्याबरोबर निवाडा देण्याचाहि अधिकार त्या नांवाबरोबर आला, आणि तोच ठाण्याच्या पत्रास भोंवला असें मला वाटतें.

१९०८ च्या जुलैंत लोकमान्य टिळकांस सहा वर्षांची शिक्षा झाली. नामदार गोखले तेव्हां विलायतेंत होते. टिळकांच्या शिक्षेंत गोखल्यांचें अंग होतें, अशा आशयाचा आरोप हिंदुपंचानें केला. नेमस्तपणाची टर हवी तेवढी उडवावी. सार्वजनिक कार्यकर्त्यास ती सोसावीच लागते. परंतु हें व्यंगचित्र नव्हे. अमक्यानें अमुक केलें असें हें विधान होतें, आणि विधानास पुरावा लागतो. गोखल्यांनीं अब्रुनुकसानीची फिर्याद केली. १९०९ सालीं निकाल त्यांच्यासारखा लागला, आणि त्यानंतर हिंदुपंच बंद पडलें.

"मग गोखल्यांनीं योग्यच केलें," पुतण्या म्हणाला. मला इतक्या झटकन् हो म्हणवेना. ज्या सरकारनें टिळकांस मंडालेस धाडलें, त्याच सरकारच्या न्यायासनापुढें एका देशी पत्रास उभें करावयाचें! न करावें, तर केसरी येणाऱ्या घराघरांतून मुलांनीं आपलें नांव देशद्रोह्याचें म्हणून ऐकावयाचें. मीं त्यांच्या जागीं असतों तर फिर्याद केली असती. पण त्या रात्रीं झोंप लागली नसती.

१९१५ सालीं गोखले वारले. सिंहगडावरून उतरून, स्मशानांत त्यांच्या गौरवाचें भाषण टिळकांनींच केलें. हें सांगून होईतों ठाणें आलें.