आमच्यानंतर याचे कोण?

स्वमग्न अपत्याच्या माता-पित्यांना अहोरात्र छळणारा प्रश्न एकच : 'आमच्यानंतर याचे कोण?' १९९५च्या अपंग कायद्यात स्वमग्नतेचा उल्लेखही नव्हता. १९९९च्या राष्ट्रीय न्यास कायद्याने तिची दखल घेतली. २०१६च्या दिव्यांगजन अधिकार कायद्याने २१ दिव्यांगत्वांत तिला स्थान दिले. वयाच्या १८ वर्षांनंतर पालक नेमण्यासाठी जिल्हा पातळीवर स्थानिक समिती, तसेच 'निरामय' योजनेत १ लाख रुपयांपर्यंतचा आरोग्यविमा, अशी तरतूद आहे. परंतु कायदा पालक नेमतो, शेजारधर्म शिकवू शकत नाही. मंगलकार्यात असे मूल ओरडले की 'संस्कार नाहीत' असे कुजबुजणारे आपणच असतो. स्वमग्नता हा मेंदूच्या जडणघडणीतील भेद आहे, मातेचा दोष नव्हे. त्या मातेला आठवड्यातून दोन तासांची उसंत मिळवून देणे, हेही सेवाकार्यच होय. त्याचा प्रारंभ आपल्याच आळीतून व्हावा.