एका धाग्याची होळी

गेल्या उन्हाळ्यात मंडणगडच्या आमच्या घरी एक ओळखीचा तरुण दुकानदार आला. गणपतीला मुंबईचे चाकरमानी येतात आणि गावोगावची मंडळे नाव छापलेले टी-शर्ट मागतात. असे एक हजार टी-शर्ट चीनमधल्या एका पुरवठादाराकडून मागवायचे त्याने ठरवले होते. तीस टक्के रक्कम आगाऊ, उरलेली माल जहाजावर चढण्यापूर्वी. आगाऊ रकमेसाठी आईच्या पाटल्या गहाण पडणार होत्या. मी बँकेच्या परकीय चलन विभागात काही वर्षे काढलेली, म्हणून तो सल्ल्याला आला. "काका, आयात-निर्यात कोड काढलाय. भाव निम्मा आहे. आता कागद तेवढे बघा."

कागद चोख होते आणि तेवढ्यानेच तो निर्धास्त झाला होता. मी मात्र झालो नाही.

परदेशी व्यापारात लेटर ऑफ क्रेडिट असते, म्हणजे खरेदीदाराच्या वतीने बँकेने दिलेली पैशांची हमी. तिचे जगभर पाळले जाणारे नियम पॅरिसच्या आंतरराष्ट्रीय व्यापार मंडळाचे. आजची आवृत्ती २००७ पासूनची. त्यात स्वच्छ लिहिले आहे की बँकेचा संबंध कागदपत्रांशी, मालाशी नव्हे. बिल आणि जहाजाची पावती बिनचूक असली की बँक पैसे देते. खोक्यात शर्ट आहेत की चिंध्या, हे ती उघडून पाहत नाही. हा पोरगा तर तेवढ्या हमीशिवायच पैसे धाडायला निघाला होता.

"आधी नमुना मागव," मी म्हटले.

नमुना आला तेव्हा तो आजोबांनाही घेऊन आला. आजोबा मुंबईच्या गिरणीत साचाखात्यात होते. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या संपात सुमारे अडीच लाख कामगार उतरले, त्यांतले ते एक. पुढे गावी परतले. त्यांच्या नातवाने आज परदेशातून कापड मागवावे, यावर चार अश्रू ढाळणे सोपे आहे. मला ते करायचे नाही. पोराने धंदा करावा, सातासमुद्रापार करावा.

आजोबांनी कापड चिमटीत चोळले, शिवणीतून एक धागा ओढला आणि काडी पेटवली. सूत जळते तेव्हा जळक्या कागदाचा वास येतो, मागे मऊ राख उरते. हा धागा आक्रसला, वितळला आणि त्याचा कडक काळा मणी झाला. कागदावर लिहिले होते, शंभर टक्के सुती. आजोबा एवढेच म्हणाले, "पोरा, ह्यात सूत कमी."

७ ऑक्टोबर १९०५ रोजी पुण्यात सावरकरांच्या पुढाकाराने विदेशी कपड्यांची होळी झाली. तो काळ पारतंत्र्याचा होता. आज परदेशी म्हणून ढीग पेटवण्यात अर्थ नाही. मात्र एक धागा जाळून पाहण्यात फार अर्थ आहे. नमुना धुऊन, वाळवून पाहावा. पसंत पडलेला एक नग जपून ठेवावा. पहिली मागणी लहान असावी, आणि मोठ्या मागणीत त्रयस्थ तपासनिसाचा दाखला आल्याशिवाय पैसे सुटू नयेत.

आणि निम्म्या भावातला उरलेला निम्मा कोण भरतो, तेही विचारावे. २४ एप्रिल २०१३ रोजी बांगलादेशात ढाक्याजवळ राणा प्लाझा ही इमारत कोसळून ११०० हून अधिक माणसे मेली. आदल्याच दिवशी भिंतींना तडे दिसले होते, तरी कामगारांना आत बोलावले गेले. तिथल्या काही कारखान्यांची त्यापूर्वी तपासणीही झालेली होती. म्हणजे अहवाल होते, फक्त तडे त्यांत नव्हते.

गणपतीला त्याने तिरुपूरहून दोनशेच टी-शर्ट आणवले. नफा बेताचा झाला. चीनच्या दुसऱ्या एका पुरवठादाराकडून नवा नमुना मागवला आहे. काडेपेटी आजोबांजवळ तयार आहे. आणि पाटल्या अजून आईच्या हातात आहेत.