साडेतीन तासांचं विमान संग्रहालयात का गेलं?

लंडनचं हीथ्रो ते न्यूयॉर्कचं जेएफके. मध्ये अख्खा अटलांटिक, अंतर साधारण ५,५४० किलोमीटर. आज जायला ८ तास, परतताना ७; कारण वरचा जोरदार वारा पश्चिमेकडून पूर्वेला वाहतो. पण हेच अंतर कॉनकॉर्ड साडेतीन तासांत कापायचं! २००३ मध्ये ते बंद झालं. इंधन बेसुमार, तिकीट फक्त धनिकांना झेपणारं. आता पुन्हा तशाच वेगवान विमानांची चर्चा सुरू आहे. खुशाल बनवा! पण आज तो महासागर विद्यार्थी, नर्स, आजी-आजोबा ओलांडतात, ते ८ तासांच्याच विमानातून. सामान्यांना परवडत नाही त्या वेगाला प्रगती कसं म्हणायचं? तुमचं मत काय?