एक यंत्र, अनेक भाव

चांदूर रेल्वेच्या शेतकऱ्याचा मुलगा संगणक घेण्यासाठी अमरावतीस जातो, तेव्हा त्याला सांगितला जाणारा भाव यंत्राचा नसतो. त्याच्या निकडीचा असतो. तेच यंत्र शेकड्याने घेणाऱ्या कचेरीला एका दराने मिळते, सवलतीची वाट माहीत असलेल्या शहरी विद्यार्थ्याला दुसऱ्या. छापील कमाल किमतीहून अधिक घेण्यास कायद्याची बंदी आहे. परंतु त्या किमतीच्या आत कोणाला किती सूट द्यायची, हे विक्रेताच ठरवतो.

या भेदाचा उत्पादनखर्चाशी संबंध असतोच असे नाही. १९९० साली आयबीएम कंपनीने मिनिटाला दहा पाने छापणारा आपला मुद्रक मुद्दाम मंद केला आणि पाच पाने छापणारा म्हणून स्वस्तात विकला. हेतू एकच: ज्याची ऐपत अधिक, त्याने स्वस्त यंत्राकडे वळू नये.

वऱ्हाडच्या कापूस उत्पादकाला हा व्यवहार अपरिचित नाही. बीटी कपाशीच्या ४५० ग्रॅम बियाण्यामागे भारतात १२५० रुपये तंत्रशुल्क घेतले जाते, अमेरिकेत व चीनमध्ये त्याचा लहानसा अंशच, अशी तक्रार आंध्र प्रदेश सरकारने मक्तेदारी आयोगापुढे नेली. २००६ साली आयोगाने शुल्क कमी करण्याचा अंतरिम आदेश दिला. गरीब देशाच्या शेतकऱ्याला अधिक भाव पडत होता, आणि तो उतरला तो सार्वजनिक सत्तेने हात घातल्यावरच.

भिन्न दर हा मुळातच अन्याय आहे, असे आम्ही मानीत नाही. एस.टी.ने २०२२ मध्ये पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना मोफत आणि २०२३ मध्ये महिलांना निम्म्या भाड्यात प्रवास दिला, तोही भेदच. परंतु तो उघड आहे, दुर्बळाच्या बाजूचा आहे आणि त्याचा जाब विधानसभेत विचारता येतो. दुकानदाराच्या मनातल्या भावाचा जाब कोणी कोणाला विचारायचा?

प्रवेशअर्ज, शिष्यवृत्ती, परीक्षा हे सारे संगणकावर गेले असताना त्याला चैनीची वस्तू म्हणता येणार नाही. म्हणून प्रत्येक सवलत तिच्या अटींसह दुकानाच्या दर्शनी भागी मराठीत लावली गेली पाहिजे, ही आमची मागणी आहे. पण मागणीवर विसंबून राहू नये. तालुक्यातील पन्नास विद्यार्थ्यांची गरज एकत्र करून कचेरीच्या दराने खरेदी करण्याचे काम कार्यकर्त्यांनी याच हंगामात हाती घ्यावे. एकटा गिऱ्हाईक भाव ऐकतो. संघटित गिऱ्हाईक भाव ठरवतो.