वहिनींचें वजन

गेल्या महिन्याच्या टपालांत सांगलीकडील एका भगिनींचें पत्र होतें. तळलेलें खात नाहीं, गोड सोडलें, रोज पहाटे चालते, तरी गेल्या आठ वर्षांत वजन हळूहळू वाढतच आहे, असें त्यांनीं लिहिलें होतें. आणि शेवटीं, घरांतील माणसांचा आपल्या बोलण्यावरील विश्वास उडाला आहे, असेंही. हें शेवटचें वाक्य वाचून मी बराच वेळ पत्र हातांत धरून बसलों. असा अविश्वास दाखविणाऱ्या घरांपैकीं एक घर आमचेंच होतें, आणि त्यांतील एक माणूस प्रस्तुत लेखक होता.

आमच्या थोरल्या वहिनी आज चौपन्न वर्षांच्या आहेत. 2014 सालीं आमचा सदाशिव पेठेंतील वाडा पाडला गेला, तेव्हां त्यांचें वजन 58 किलो होतें. पुढें आम्ही नऊ माणसें नव्या इमारतींत चौथ्या मजल्यावर राहावयास गेलों, आणि वर्षाला पाऊण-एक किलो याप्रमाणें तें 66.5 किलोंवर गेलें. इतक्या संथपणें येणारी गोष्ट घरच्यांच्या आधीं शिंप्याच्या ध्यानांत येते. वहिनींचा आहार म्हणाल तर जोंधळ्याची भाकरी, वरण, पालेभाजी आणि ताक. रोज सकाळीं चाळीस मिनिटें पर्वतीकडे फेरी. पावसाळ्यांतही खंड नाहीं. एका डॉक्टरांकडे त्यांना नेलें, तर त्यांनीं एकही प्रश्न न विचारतां "तोंडाला कुलूप घाला" एवढाच सल्ला देऊन पुढच्या रोग्याला हांक मारली.

दोन वर्षांपूर्वीं दिवाळींत बेसनाच्या लाडवांचा डबा अपेक्षेपेक्षां लवकर संपला. "आई रात्रीं फडताळ उघडीत असतील," असें धाकटी सून थट्टेनें म्हणाली. सगळे हसले. मीही हसलों. त्या दिवसापासून वहिनींनीं रात्रीचें जेवण सोडलें आणि कारण कोणालाच सांगितलें नाहीं. महिन्याभरानें मार्गशीर्षांतील एका गुरुवारीं, उपवासाच्या दिवशीं, त्या देवघरांत घेरी येऊन पडल्या. हातांत पेटतें निरांजन होतें. पदर थोडक्यांत वांचला.

मग दुसऱ्या डॉक्टरांकडे रक्ताची तपासणी झाली. थायरॉइड ग्रंथीचें काम ठीक निघालें. परंतु मागील तीन महिन्यांच्या साखरेची सरासरी दाखविणारा आंकडा 6.1 होता. 5.7 ते 6.4 हा मधुमेहाच्या उंबरठ्याचा पट्टा समजतात. वहिनींच्या मातोश्रींची दृष्टि मधुमेहानेंच गेली होती. त्या रात्रीं पंगतींत कोणी बोललें नाहीं.

दुसऱ्या दिवशीं वहिनी मला म्हणाल्या, "भाऊजी, तुम्ही जन्मभर मुलांना पदार्थविज्ञान शिकविलेंत ना? माझ्या शब्दावर विश्वास ठेवूं नका. तराजू आणा."

पंधरा दिवस आम्ही वही ठेविली. फडताळाचा आरोप पहिल्या दोन दिवसांतच निकालांत निघाला. लाडू नातवंडांनीं खाल्ले होते, हें त्यांपैकीं एकानें आपण होऊनच सांगितलें. बाकीचा हिशेब मात्र आम्हां सर्वांनाच खालीं पाहावयास लावणारा होता. घरांत दरमहा 9 किलो तेल येतें, म्हणजे माणशीं रोज सुमारें 33 ग्रॅम. त्याचेच जवळजवळ 300 उष्मांक होतात. तळण नाहीं म्हणून आपण तेल खात नाहीं, असा आमचा समज होता! तेल फोडणींतून, कणकेंतून आणि मुलांच्या डब्यासाठीं परतलेल्या भाजींतून येत होतें. दाण्याचें कूट आणि सुकें खोबरें तर कोणी मोजीतच नव्हतें. उपवासाच्या दिवशीं ओंजळभर भाजलेले दाणे, म्हणजे 30 ग्रॅम धरले तरी 170 उष्मांक. सकाळच्या चाळीस मिनिटांच्या चालण्यांत जेमतेम तेवढेच खर्च होतात. एकादशी आणि दुप्पट खाशी, असें आपण उगाच म्हणत नाहीं.

आणि एक गोष्ट वहींत यावयास चार दिवस लागले. वहिनी सर्वांच्या मागून जेवत. अन्न टाकूं नये, हा आमच्या घराचा दंडक. मग नातवानें टाकलेली अर्धी पोळी, पातेल्याच्या तळचा दोन घांस भात, वाटींत उरलेला चमचाभर शिरा, हें सर्व त्यांच्या पानांत येई. त्याला त्या जेवण मानीतच नव्हत्या. तें त्यांच्या दृष्टीनें आवराआवरीचें काम होतें. पांचव्या दिवशीं मीं त्या "आवराआवरी"चें वजन केलें, तेव्हां ती रोजची दीडशें उष्मांकांच्या घरांत निघाली.

खोटें कोणीच बोलत नसतें, हें येथें सांगितलें पाहिजे. अमेरिकेंत 1992 सालीं अशाच तक्रारीच्या कांहीं लोकांचा काटेकोर अभ्यास झाला. कमी खाऊनही वजन उतरत नाहीं, असें ते मनापासून सांगत. प्रत्यक्षांत त्यांनीं आपलें खाणें सरासरी 47 टक्क्यांनीं कमी आणि हालचाल 51 टक्क्यांनीं अधिक सांगितली होती. त्यांच्या शरीराचा उष्मांक-खर्च सर्वसामान्यच होता. माणसाची स्मृति ताटांतील अन्न लक्षांत ठेविते, उभ्यानें खाल्लेला घांस नाहीं.

वाढ इतकी मंद कां, याचाही उलगडा होतो. केव्हिन हॉल व त्यांच्या सहकाऱ्यांनीं 2011 सालीं मांडलेल्या गणिताप्रमाणें, रोजच्या आहारांत सुमारें 24 उष्मांकांची कायमची भर पडली, तर वजन अखेर एक किलोनें वाढतें. त्यांतील निम्मी वाढ पहिल्या वर्षांत, आणि जवळजवळ सर्व तीन वर्षांत. चोवीस उष्मांक म्हणजे सव्वा चहाचा चमचा साखर. एवढी चूक कोणत्या गृहिणीच्या हातून होत नाहीं?

परंतु दोष केवळ ताटाचा नव्हता. वाड्यांत स्वयंपाकघर खालीं आणि माडी वर. दिवसांतून पंधरा-वीस वेळां जिना चढणें-उतरणें होई. ठराविक वेळीं चौकांतील नळावर पाणी भरणें, अंगणांत धुणें वाळत घालणें, पाट्यावर चटणी वाटणें, हीं कामें कोणी व्यायाम म्हणून केलीं नव्हतीं. नव्या घरांत लिफ्ट आली, धुण्याचें यंत्र आलें, मिक्सर आला. सकाळची फेरी आटोपली कीं वहिनी दिवसभर खुर्चीवर. अमेरिकेंतील मेयो क्लिनिकच्या जेम्स लेव्हिन यांनीं 16 माणसांना आठ आठवडे रोज 1000 उष्मांक जादा खाऊं घातले. त्याची हकीकत 1999 सालीं 'सायन्स' या नियतकालिकांत आली. कोणाची चरबी 0.36 किलोनें वाढली, कोणाची 4.23 किलोनें. हा फरक मुख्यतः व्यायामाखेरीजच्या ऊठबशीचा होता. वाडा पडला त्या दिवशीं वहिनींची ही ऊठबस बुडाली, आणि चाळीस मिनिटांची फेरी ती भरून काढण्यास पुरी पडेना.

"वय झालें, आतां शरीर मंदावणारच" असें माझे बंधु म्हणत. 2021 सालीं हर्मन पाँट्झर आदि शास्त्रज्ञांनीं सहा हजारांहून अधिक माणसांचीं मोजमापें एकत्र केलीं, तेव्हां शरीराच्या आकारमानाचा हिशेब धरला असतां विसाव्यापासून साठाव्या वर्षापर्यंत हा खर्च स्थिर राहतो, असें दिसलें. मात्र ऋतुनिवृत्तीच्या सुमारास स्नायु घटतात आणि मेद पोटाकडे सरकतो, हें खरें. आपल्या लोकांना त्याचा धोका अधिक. पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे इंग्रज मित्र डॉ. जॉन युडकिन यांचा उंची-वजनाचा निर्देशांक अगदीं सारखा, 22.3, होता, पण युडकिन यांच्या देहांत चरबी 9.1 टक्के आणि याज्ञिकांच्या देहांत 21.2 टक्के! 2004 सालीं 'लॅन्सेट'मध्यें ही गोष्ट प्रसिद्ध झाली. म्हणून कांट्याबरोबर फीतही घ्यावी. आपल्याकडील स्त्रियांच्या कमरेचा घेर 80 सेंटिमीटरच्या आंत असावा. वहिनींचा 94 होता.

सांगलीच्या भगिनींनीं प्रथम थायरॉइड व साखर तपासून घ्यावी, आणि घेत असलेल्या औषधांची यादी डॉक्टरांना दाखवावी. स्टिरॉइडें, इन्शुलिन, मानसविकारांवरील कांहीं औषधें वजन वाढवितात. तीं आपल्या मनानें बंद करूं नयेत.

आमच्याकडे वहिनींचें रात्रीचें जेवण प्रथम परत सुरू झालें. तेल 9 किलोंवरून 6 वर आलें. भाताची एक मूद कमी होऊन मुगाची उसळ व दही आलें. दिवसांतून दोनदां खुर्चीवरून हात न टेकतां दहा वेळां उठणें, भिंतीला रेटून जोर, पाण्याच्या भरलेल्या बाटल्या उचलणें, आणि दोन मजले जिन्यानें. यांपैकीं कशालाही घरांत विरोध झाला नाहीं. विरोध झाला तो वहिनींनीं पहिल्या पंगतीला बसण्याला! "मग वाढणार कोण?" असें बंधूंनीं विचारलें. धाकट्या सुनेनें वाढण्याचें पात्र त्यांच्याच हातांत दिलें. चार दिवस त्यांचें वाढणें सांडलवंडीचें झालें. आतां त्यांना त्यांत गोडी वाटते.

वर्ष झालें. वजन 63 किलो आहे. 58 झालें नाहीं, आणि होईल असें मला वाटत नाहीं. कमर 88. साखरेचा आंकडा 5.8. वहिनींनीं वजनाविषयीं बोलणेंच सोडलें आहे.

गेल्या रविवारीं नातवानें नेहमीप्रमाणें अर्धी पोळी टाकली आणि आशेनें आजीकडे पाहिलें. वहिनींनीं पान त्याच्यापुढें सरकविलें, आणि त्या हात धुवावयास गेल्या.