आधी मुक्काम, मग वाहन



चातुर्मासात दूरचा प्रवास शक्यतो टाळायचा, दिवाळीत दुकान सोडता येत नाही आणि जूनमध्ये मुलांच्या शाळा उघडतात. त्यामुळे परदेशी सहलीसाठी आपल्या व्यापारी कुटुंबांच्या वाट्याला मे महिन्याचे दोन-तीन आठवडेच उरतात. या दिवसांसाठी उत्तर इटलीतील सरोवरांचा प्रदेश अलीकडे अनेकांच्या यादीत दिसतो. नोव्हेंबर २०१८ मध्ये दीपिका पदुकोण आणि रणवीर सिंह यांचा विवाह कोमो सरोवराच्या काठी झाला आणि हे नाव आपल्याकडे घरोघरी पोहोचले. बेत ठरू लागला, की घरात हमखास मतभेद होतो. तरुण मंडळी म्हणतात, विमानतळावरच मोटार भाड्याने घेऊ. वडीलधारी मंडळी म्हणतात, परक्या मुलखात गाडी हाकण्यापेक्षा रेल्वे बरी. कर्जाचा अर्ज तपासताना प्रयोजन, खर्च, जोखीम आणि ऐपत या चार बाबी पाहिल्या जातात. या प्रश्नाचाही निवाडा त्याच पद्धतीने करून पाहू.

प्रथम भूगोल समजून घ्यावा, कारण अर्धे उत्तर त्यातच आहे. कोमो सरोवराचा आकार इंग्रजी वाय हे अक्षर उलटे धरल्यासारखा आहे. नैऋत्येच्या टोकाला कोमो, आग्नेयेच्या टोकाला लेक्को, उत्तरेच्या टोकाजवळ कोलिको आणि दोन्ही फाटे जुळतात त्या ठिकाणी बेलाजिओ. चारशे मीटरहून अधिक खोल असलेल्या या पाण्याला डोंगर अगदी भिडलेले आहेत. गावे आणि रस्ते उरलेल्या अरुंद पट्टीवर वसले आहेत. समोरासमोरच्या मेनाज्जो आणि वारेन्ना या गावांचे उदाहरण घ्या. मोटारीने सरोवराच्या उत्तर टोकाला वळसा घालून जाण्यास सुमारे एक तास लागतो; बोट पंधरा-वीस मिनिटांत पैलतीरी पोहोचवते. येथे पाणी हाच राजरस्ता आहे आणि काठचा रस्ता ही आडवाट.

आता खर्च. मोटारीचे भाडे हा दुकानाच्या भाड्यासारखा स्थिर खर्च आहे. गिऱ्हाईक येवो वा न येवो, तो द्यावाच लागतो. तिकीट हा मालाच्या खरेदीसारखा बदलता खर्च आहे. जितका प्रवास, तितकेच पैसे. पाच दिवसांसाठी गाडी घेतली आणि त्यांपैकी तीन दिवस बोटीतून व पायी हिंडण्यात गेले, तर पाच दिवसांचे भाडे उरलेल्या दोन दिवसांच्या माथी बसते. शिवाय उभ्या गाडीलाही खर्च असतोच. इटलीत रस्त्याकडेच्या निळ्या रेषांमध्ये गाडी लावल्यास पैसे पडतात, पिवळ्या रेषा रहिवाशांसाठी किंवा अन्य कामासाठी राखीव असतात आणि पांढऱ्या रेषांमधील फुकट जागा या गर्दीच्या गावांत क्वचितच रिकामी सापडते.

मोटारीच्या बाजूनेही बोलले पाहिजे. गाडीत चौघे बसले, तरी भाडे वाढत नाही. तिकिटे मात्र माणशी लागतात. म्हणून चार जणांचे कुटुंब रोज लांबचा प्रवास करणार असेल, तर मोटार स्वस्त पडू शकते. परंतु आपली कुटुंबे बहुधा सहा-सात जणांची असतात. सहा माणसे आणि त्यांच्या मोठ्या बॅगा साध्या मोटारीत मावत नाहीत. मग दोन गाड्या घ्या किंवा नऊ आसनांची मोठी गाडी घ्या. आणि तसली गाडी पश्चिम काठच्या रेजिना नावाच्या जुन्या अरुंद रस्त्यावर समोरून बस आल्यावर सांभाळणे, हे त्या रस्त्याची सवय नसलेल्या माणसाचे काम नव्हे.

आता कागदोपत्री न दिसणारी देणी. पहिले, भारतीय परवान्याबरोबर आंतरराष्ट्रीय वाहनपरवाना लागतो. तो आपल्या आरटीओकडून निघण्यापूर्वीच घ्यावा लागतो आणि एक वर्ष चालतो. दुसरे, गाडी देणारी कंपनी मुख्य चालकाच्या क्रेडिट कार्डावर अनामत रक्कम अडकवून ठेवते. ती खर्च नसली, तरी तेवढी मर्यादा सहलभर वापरता येत नाही. त्यामुळे सर्व भिस्त एकाच कार्डावर ठेवू नये. तिसरे देणे सर्वांत फसवे आहे. इटलीतील बहुतेक जुन्या शहरांच्या मध्यभागी ठरावीक वेळी परवानगीविना वाहन नेण्यास मनाई असते. अशा क्षेत्राला तिकडे झेडटीएल म्हणतात. तेथे पोलीस अडवत नाही. कॅमेरा गाडीचा क्रमांक टिपतो. पुढे भाड्याची कंपनी चालकाचे नाव-पत्ता कळवते, त्या कामाचे वेगळे शुल्क कार्डावर लावते आणि दंडाची नोटीस कित्येक महिन्यांनी घरी येते. सहलीचा हिशेब मिटल्यानंतर उपटणारे हे देणे अनेकांना ठाऊकच नसते.

परंतु पैशांत न मोजता येणारी एक बाब मला यांहून महत्त्वाची वाटते. तिकडे वाहने रस्त्याच्या उजव्या बाजूने चालतात, चालक डावीकडे बसतो आणि गिअर उजव्या हाताने टाकावा लागतो. स्वयंचलित गिअरची गाडी मिळते, पण ती आधी मागवून ठेवावी लागते आणि बहुधा महाग पडते. अशा अवस्थेत घरातला एक कर्ता मुलगा दिवसभर चाकामागे बसतो. एका हाताला डोंगराचा कडा, दुसऱ्या हाताला पाणी. त्याची नजर रस्त्यावरून हलू शकत नाही. वर्षभर दुकानात मान वर न करणाऱ्या माणसाने सुट्टीतही तेच करायचे, आणि मागे बसलेल्या आईने त्याच्या काळजीने जीव मुठीत धरायचा! सरोवर पाहायला सारे कुटुंब गेले आणि ज्याने खर्च केला त्यालाच ते दिसले नाही, हा व्यवहार कोणत्या वहीत नफ्याचा ठरेल?

सार्वजनिक वाहतूक निर्दोष आहे, असे मात्र समजू नये. मिलानो सेंत्राले स्थानकावरून वारेन्नाला थेट गाडी सुमारे एका तासात पोहोचते, पण ती पर्यटकांनी भरलेली असते. कागदी तिकीट गाडीत चढण्यापूर्वी यंत्रात छापून घ्यावे लागते, नाहीतर दंड होतो. वेळापत्रकात ‘फेरिआले’ म्हणजे कामाचे दिवस आणि ‘फेस्तिवो’ म्हणजे रविवार व सण. हे दोन शब्द न समजल्यास रविवारी थांब्यावर ताटकळण्याची पाळी येते. काठाने धावणाऱ्या बसची तिकिटे तंबाखूच्या दुकानांत मिळतात, हे आपल्या मंडळींना चमत्कारिक वाटेल, पण तेथील रीत तशी आहे. बोटीच्या धक्क्यावर दुपारी लांब रांग असते. सकाळी लवकर निघणे श्रेयस्कर. खरी अडचण आहे ती चढ-उतारांची. या गावांतील गल्ल्या दगडी असून अनेक ठिकाणी पायऱ्यांच्या आहेत. गुडघे दुखणाऱ्या आजींना आणि जड बॅगांना रोज गाव बदलायला लावले, तर बोटीचे सुख तेथेच संपते.

म्हणूनच वाहनाचा प्रश्न हा मुळात मुक्कामाचा प्रश्न आहे. स्थानकापासून किंवा धक्क्यापासून सपाट वाटेने पोहोचता येईल असे, स्वयंपाकघर असलेले घर चार-पाच दिवसांसाठी एकाच गावी घ्यावे. स्वयंपाकघराचा आग्रह आपल्यासाठी अनाठायी नाही. तिकडच्या बहुतेक तयार रश्शांत कांदा-लसूण असतो, न्योकी हा पदार्थ बटाट्याचा असतो आणि पार्मेझान म्हणून ओळखले जाणारे अस्सल परमिजानो चीज वासराच्या जठरातील रेनेट वापरून केलेले असते. शाकाहारी म्हणून पुढे आलेल्या ताटातही ते असू शकते. भाजी-फळांचे दुकान पायी जाण्याच्या अंतरावर असले, तर या सर्व चिंता मिटतात. मे महिन्याच्या मध्यास तेथे सूर्यास्त साडेआठनंतर होतो. त्यामुळे दिवसभर हिंडून घरी परतल्यावरही चौविहार सहज सांभाळता येतो; अट एवढीच, की परतीची बोट चुकू नये.

असे एक ठिकाण पक्के झाले, की उरलेले सारे हाताशी येते. विला कार्लोत्ताच्या बागेपाशी बोटीचा स्वतंत्र थांबा आहे. तो प्रसिद्ध विवाह जेथे झाला, त्या विला देल बाल्बियानेल्लोपर्यंत पर्यटकांची मोटार जातच नाही; लेन्नो गावातून पायी किंवा छोट्या बोटीने जावे लागते. कोमो शहरातून ब्रुनातेच्या टेकडीवर १८९४ पासून चालू असलेली दोरखंडाची रेल्वे काही मिनिटांत नेते. यांपैकी कशासाठीही मोटारीची गरज नाही.

मग मोटार केव्हा घ्यावी? घरात चालू न शकणारी व्यक्ती असेल, तान्हे मूल असेल, मुक्काम डोंगरातील आडगावी असेल किंवा एका दिवशी दूरच्या दऱ्यांत जायचे असेल, तेव्हा अवश्य घ्यावी. तीही शक्यतो एका दिवसापुरती आणि चालकासह. अंकांत ती महाग दिसेल; पण पाच दिवसांची स्वतः चालवायची गाडी, उभी करण्याचे पैसे आणि संभाव्य दंड यांची बेरीज शेजारी मांडल्यावर फरक बराच कमी होतो. त्या दिवशी कुटुंबातील प्रत्येक जण खिडकीबाहेर पाहू शकतो.

श्रावकाच्या बारा व्रतांत दिग्व्रत आहे: कोणत्या दिशेला किती दूर जायचे, याची मर्यादा आधीच घालून घेणे. पाच दिवसांत तीन सरोवरे आणि दोन देश उरकण्याचा हव्यास धरला, की मोटार अपरिहार्य वाटू लागते. मर्यादा आखून घेतली, की तिची गरज बहुधा आपोआप गळून पडते.

तेव्हा या वर्षी तिकिटे काढण्यापूर्वी घरातील सर्वांनी एकत्र बसून तीन प्रश्नांची उत्तरे लिहून काढावीत. मुक्कामापासून धक्का किती पावलांवर आहे? घरातील सर्वांत अशक्त व्यक्ती तेवढे चालू शकेल काय? आणि गाडी घेतलीच, तर ती चालवणार कोण, व त्याने सरोवर केव्हा पाहायचे? तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर ज्याने द्यायचे, त्याला आधी बोलू द्यावे.

जय जिनेंद्र.